उत्क्रांतीच्या अंगाने आजार पाहिला तर उपचारात काय फरक पडतो?

प्रश्न असा आला आहे: "मी इंदूरला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिकल सेल शिकवताना सरांनी मलेरियाचा उल्लेख केला आणि पुढे गेले. तेव्हापासून डोक्यात आहे की उत्क्रांतीच्या अंगाने आजारांचा अभ्यास करणं हे खरं शास्त्र आहे, की मागाहून जुळवलेल्या गोष्टी? घरचं कारणही आहे. बाबा अंगाने किडकिडीत, तरी 41 व्या वर्षी डायबेटीस निघाला. एका डायटीशियनने 'आपलं शरीर अजून गुहेतल्या माणसाचंच आहे' म्हणून दूध आणि धान्य बंद करायला सांगितलं. आजोबांचं म्हणणं, ताप आला की गोळी घेऊ नये, ताप आजाराला जाळतो. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं?"

उत्क्रांती नंतर, आधी बाबांचे रिपोर्ट. चाळिशीतल्या बारीक माणसाला शुगर निघाली की ती टाइप 2च असणार असं धरून चालू नये. वजन अलीकडे झपाट्याने उतरलंय का, पोटदुखीची जुनी तक्रार आहे का, हे त्यांच्या फिजिशियनच्या कानावर घाला आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्शुलिन किती बनवतं ते कळतं), जीएडी अँटिबॉडी (शरीरच स्वतःच्या स्वादुपिंडावर उलटलंय का ते कळतं) करायची गरज आहे का ते विचारा. तो निकाल लागेपर्यंत "आपल्याकडे बारीक माणसांनाही होतो" हे वाक्य कुणी ऐकवलं तरी मनावर घेऊ नका. (खाली मीही ते ऐकवणार आहे.)

मी पॅथॉलॉजीचा माणूस. पेशंट मला भेटतो तो रक्ताच्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधून, त्यामुळे या विषयाची गोडीही मायक्रोस्कोपखालीच लागली. माझं मत सांगतो: शास्त्र खरं आहे, पण त्याच्या नावावर बरंच काही खपवलं जातं. जिथे कुणी तरी मोजमाप केलंय, आणि मोजमाप उलटं आलं असतं तर सिद्धांत पडला असता, तिथे विश्वास ठेवा. जिथे फक्त "आपले पूर्वज असे होते, म्हणून" आहे, तिथे चहा घ्या आणि विषय बदला.

सिकल सेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, याचं उदाहरण सगळे देतात, कारण तिथे मोजमाप पक्कं आहे. आपल्या भागात तर ते पुस्तकातलं राहतच नाही. झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानीकडचे भिल्ल-भिलाला पेशंट इंदूरला येतात. सोल्युबिलिटी टेस्ट तुम्ही प्रॅक्टिकलला केली नसेल तर लॅबमध्ये जाऊन बघाच. रक्त त्या द्रावणात घालायचं, काही मिनिटं थांबायचं आणि ट्यूबमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ वाचता आल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, आहे. जुनी स्लाइडची पद्धत त्याहून बघण्यासारखी. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचं, कव्हरस्लिप ठेवायची, कडा व्हॅसलिनने बंद करायच्या. आतला ऑक्सिजन संपत जातो. आधी गोल दिसणाऱ्या तांबड्या पेशी अर्ध्या तासात लांबायला लागतात, टोकं काढतात, विळ्यासारख्या वाकतात.

आता गंमत अशी की ती स्लाइड पुष्कळदा एखाद्या ठणठणीत माणसाची असते. मुलीला दाखवायला आलेला बाप, आयुष्यात कधी आजारी न पडलेला. तो एएस, म्हणजे वाहक. मुलगी एसएस, म्हणजे रुग्ण. दोन्ही टेस्ट दोघांचा फरक सांगत नाहीत, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. फरक जनुकाच्या एका प्रतीचा. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन, हा बदल आई-बाप दोघांकडून आला तर आयुष्यभराच्या वेदना, एकाकडूनच आला तर काहीच नाही.

"काहीच नाही" हेसुद्धा अपुरं आहे. वाहकाला फॅल्सिपॅरम, म्हणजे जीवघेण्या प्रकारचा मलेरिया झाला तरी तो गंभीर होण्याची शक्यता खूपच कमी, सुमारे 90 टक्क्यांनी कमी. परजीवी शिरलेली पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला काढून टाकते. शिवाय कमी ऑक्सिजनच्या जागी परजीवीची वाढच अडते. थॅलेसिमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत असं काही असावं हा अंदाज जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 साली मांडला होता. (हे हाल्डेन पुढे 1957 ला भारतात आले, इथलेच झाले आणि 1964 ला भुवनेश्वरला वारले.) सिकलसाठी पुरावा अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत गोळा केला, 1954 साली. जिथे मलेरिया वर्षभर, तिथे सिकलचं जनुक जास्त. जिथे मलेरिया नाही, तिथे जवळजवळ नाही. भारतात हे जनुक 1952 ला निलगिरीच्या आदिवासींत सापडलं. म्हणजे नैसर्गिक निवडीने इथे आजार "ठेवला" तो आजारासाठी नाही. वाहक जगत होते, त्यांच्या संसारात एसएस मुलं जन्मत होती, आणि हिशेब तसाच चालत राहिला.

मग मलेरिया कमी झाला की जनुक आपोआप जाईल का? इथे कागद-पेन्सिल घ्या. समजा समाजात या जनुकाचं प्रमाण 10 टक्के आहे, मलेरियाचा फायदा उद्यापासून शून्य, आणि एकाही एसएस रुग्णाला मूल होत नाही. इतकी कडक अट घातली तरी प्रमाण 10 वरून 5 टक्क्यांवर यायला 10 पिढ्या लागतात. पिढी 25 वर्षांची धरली तर अडीचशे वर्षं. कारण बहुतेक प्रती वाहकांच्या अंगात लपलेल्या असतात, निवडीला दिसतच नाहीत. शरीर आणि परिस्थिती यांची जुळणी बिघडली म्हणजे काय, ते हे: फायदा दोन-तीन पिढ्यांत गेला, किंमत मात्र तशीच चालू. म्हणून तपासणी आणि समुपदेशन हाच रस्ता उरतो. केंद्राची सिकल सेल मोहीम 1 जुलै 2023 ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. दोन वाहकांच्या लग्नात प्रत्येक गरोदरपणी 25 टक्के धोका, हे वाक्य वाहकाला त्याच्या बोलीत समजावता आलं पाहिजे. डॉक्टर म्हणून उत्क्रांतीचा सगळ्यात थेट उपयोग मला इथेच दिसतो: कोणत्या पेशंटला, कोणत्या कुटुंबाला कोणती टेस्ट लावायची हे कळतं.

तेच थॅलेसिमियाचं. इंदूरला सिंधी समाज मोठा आहे आणि त्यांच्यात बीटा थॅलेसिमियाचे वाहक जास्त आहेत. सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं आकारमान) कमी, पण तांबड्या पेशींची संख्या चांगली वरच्या अंगाला, आणि मुलगी महिनोन्‌महिने आयर्न खातेय तरी हिमोग्लोबिन हलत नाही, असं दिसलं की आयर्नचा ब्रँड बदलण्याआधी एचबी ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे ते बघायचं. 3.5 टक्क्यांच्या वर गेलं तर वाहक असण्याचा दाट संशय. आणि जी6पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, याची कमतरता विसरू नका. तीही मलेरियाच्या छायेतच टिकलेली. व्हायव्हॅक्स हा दुसऱ्या प्रकारचा मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून 14 दिवस प्रायमाक्वीन देतात, आणि जी6पीडी कमी असलेल्या मुलाला, हो, बहुधा मुलालाच, कारण जनुक एक्स क्रोमोसोमवर आहे, दोन-तीन दिवसांत काळपट लघवी होते, डोळे पिवळे होतात. रक्ताच्या स्मिअरमध्ये (स्लाइडवर पसरलेल्या थेंबात) कडेचा लचका तोडल्यासारख्या पेशी दिसतात. मलेरियाने जे जनुक जपलं, तेच मलेरियाच्या औषधाला आडवं येतं.

इथवर वाचून प्रत्येक जनुकामागे काही तरी फायदा शोधायचा मोह होईल. तो आवरा. भूलतज्ज्ञांना विचारा: वैश्य समाजातल्या काही लोकांना भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन दिलं की मिनिटांऐवजी तासन्‌तास श्वास परत येत नाही, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. ते औषध मोडणाऱ्या ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमची कमतरता. ही कशाच्या फायद्यासाठी टिकली? बहुधा कशाच्याच नाही. शेकडो वर्षं लग्नं आपल्याच जातीत. मूळच्या थोड्या कुटुंबांत जे होतं ते वाटत गेलं. भुलीचं हे औषध विसाव्या शतकाच्या मध्यावर आलं, त्याआधी ही कमतरता कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. भारतातल्या पुष्कळ आनुवंशिक आजारांना निवडीपेक्षा हा संस्थापक परिणाम आणि जातीतली लग्नं जास्त जबाबदार आहेत, असं माझं मत आहे. उत्क्रांती म्हणजे फक्त निवड नाही, योगायोगही तिच्यातच येतो.

ताप. आजोबा निम्मे बरोबर आहेत. 1975 साली मॅथ्यू क्लुगर यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. हे प्राणी स्वतः अंगात उष्णता तयार करत नाहीत, ऊन शोधतात. उबदार जागेत ठेवलेले जगले, थंड जागेतले बहुतेक मेले. नंतर ताप उतरवणारं सॅलिसिलेट देऊन पाहिलं, तेव्हाही ताप उतरलेलेच जास्त मेले. माणसांत तर सिफिलिसने मेंदू गेलेल्या पेशंटना मुद्दाम मलेरियाचा ताप आणत, आणि त्यासाठी वाग्नर-यौरेग यांना 1927 चं नोबेल मिळालं. तेव्हा ताप ही बिघाडाची खूण नसून शरीराचं हत्यार आहे, इतपत मान्य करायला हरकत नाही. एक डिग्री सेल्सियस ताप चढवायला चयापचय दहाएक टक्क्यांनी वाढवावा लागतो. इतका खर्च शरीर उगाच करत नसतं.

पण मग पॅरासिटामॉल घेणारे कोट्यवधी लोक मरत का नाहीत? याचं चांगलं उत्तर रँडॉल्फ नेसी यांनी दिलं आहे. या विषयाला 1991 साली जॉर्ज विल्यम्स आणि त्यांनीच नावारूपाला आणलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म फोडणीलाही वाजतो. तो थोडा जास्त वाजला तर त्रास, पण आग लागल्यावर न वाजला तर सर्वनाश, म्हणून तो हळवाच बसवतात. शरीराचे ताप, उलटी, जुलाब, भीती असेच हळवे आहेत. बहुतेक वेळा दाबले तरी काही बिघडत नाही, क्वचित बिघडतं. 2015 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या आयसीयूंत संसर्गाच्या सुमारे 700 पेशंटवर तुलना झाली. पॅरासिटामॉल देऊन ना विशेष फायदा झाला, ना तोटा. दुसरीकडे 2009 च्या एका अभ्यासात लस दिल्याबरोबर बाळांना ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल दिलं तर अँटिबॉडी काहीशा कमी बनल्या. त्यामुळे आजोबांना सांगा: 100 ताप आहे, माणूस चहा पितोय, पेपर वाचतोय, तर गोळी नको. अंग फुटतंय, झोप नाही, पाणीसुद्धा जात नाही, तर घ्यावी. ज्यांचं हृदय दुबळं आहे त्यांनी वाट बघू नये. आणि पावसाळ्यानंतर इंदूरला डेंगी असतो. त्या दिवसांत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन, आपल्या मनाने मुळीच नाही. उत्क्रांतीचा कुठलाही सिद्धांत याच्या आड येत नाही.

डायटीशियनचं थोडक्यात उरकतो. शेतीला दहा हजार वर्षं झाली आणि तेवढ्यात शरीर बदललं नाही, हे दुधाच्या बाबतीत सपशेल खोटं आहे. मोठेपणीही लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं एन्झाइम, चालू ठेवणारा बदल या दहा हजार वर्षांतच पसरला. भारतात तो वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. ज्यांच्यात नाही त्यांनाही कपभर दूध बहुधा झेपतं, आणि दह्यात लॅक्टोज आधीच कमी झालेलं असतं. सराफ्यात दुधाच्या इंदुरी शिकंजीचा मोठा ग्लास रिचवून पोट गुडगुडलं तर एवढं कळलं की तुमचं लॅक्टेज कमी असावं. गुहेचा संबंध नाही. बाबांनी पोहे-जलेबीतली जलेबी सोडावी हे मात्र मी कुठलीही गुहा न दाखवता सांगतो.

आता शुगर, जिथे गोष्टी सगळ्यात जास्त आणि मोजमाप सगळ्यात अवघड. जेम्स नील यांनी 1962 ला काटकसरी जनुकांची कल्पना मांडली: दुष्काळात चरबी साठवणारे वाचले, आता सुबत्तेत तीच जनुकं नडतात. ऐकायला इतकं चोख की आपल्याकडे लगेच छप्पन्याचा दुष्काळ जोडतात, संवत 1956, म्हणजे 1899-1900, ज्याच्या आठवणी माळवा आणि गुजरातच्या घरांत अजून आहेत. मला हे पटत नाही. तेव्हापासून जेमतेम चार-पाच पिढ्या झाल्या. वरचं गणित आठवा, एवढ्यात जनुकांचं प्रमाण फारसं हलत नाही. शिवाय शिकार-कंदमुळांवर जगणारे लोक दोन दुष्काळांच्या मध्ये लठ्ठ होताना दिसत नाहीत. डायबेटीसच्या जनुकांचा शोध घेतला तेव्हाही अगदी किरकोळ परिणामाची पुष्कळ जनुकं निघाली, काटकसरीची ठळक खूण निघाली नाही.

जास्त वजनदार पुरावा दुसरीकडे आहे: पोटातल्या बाळाच्या वाढीत. 1992 ला हेल्स आणि बार्कर यांनी म्हटलं की आईच्या पोटात कमी मिळालं तर बाळ मेंदू वाचवतं आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्यावर कात्री लावतं. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळी उपासमारीत जे पोटात होते, त्यांच्यात मोठेपणी साखर पेलण्याची ताकद कमी दिसली. आणि आपल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असं काम पुण्यात, केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान. पण खवाट्याच्या हाडाखालची चरबीची घडी मात्र जवळजवळ तेवढीच. बारीक दिसणारं, तरी आतून चरबीचं बाळ. 2004 साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी "लॅन्सेट" या मेडिकल जर्नलमध्ये दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, दोघांचा 22.3. अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तुमच्या बाबांची गोष्ट, जर ती खरोखर टाइप 2 ठरली तर, याच फोटोत आहे.

हा सगळा प्रकार "पुढे दुष्काळ येणार" असा बाळाने बांधलेला अंदाज आहे, की नुसती जीव वाचवण्याची तडजोड, यावर वाद चालू आहे. मी तडजोडीच्या बाजूचा. नऊ महिन्यांच्या पोषणावरून पुढच्या साठ वर्षांचं भाकीत करणं कुठल्याच शरीराला जमण्यासारखं नाही. पुण्याचेच मिलिंद वाटवे आणखी वेगळं म्हणतात: प्रश्न खाण्याचा कमी, आणि ताकदीने जगणं सोडून डोक्याने जगणं पत्करल्यावर शरीराने बदललेल्या वागणुकीचा जास्त. सगळं मान्य नसलं तरी स्नायूंवर त्यांनी दिलेला जोर मला योग्य वाटतो. बाबांसाठी याचा अर्थ असा: शुगरची गोळी मेटफॉर्मिन तीच, त्यात उत्क्रांती काही बदलत नाही. पण "वजन तर कमीच आहे" यावर समाधान मानू नये. कमरेला टेप लावा, पुरुषाला 90 सेंटिमीटरची मर्यादा. बीएमआय आपल्याकडे 23 पासूनच जास्त धरतात. आणि नुसत्या चालण्याला वजनं उचलण्याची जोड द्या. स्नायू ही साखर ठेवायची सगळ्यात मोठी जागा आणि जन्मतः तीच कमी मिळालेली. घरात कुणी सून-लेक गरोदर असेल तर तिचं बी12 बघा. शाकाहारी घरांत ते कमीच असतं, आणि पुण्याच्या अभ्यासात आईचं बी12 कमी व फोलेट जास्त असलेल्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद कमी दिसली.

पुराव्यासाठी जुना काळच लागतो असं नाही. उत्क्रांती डोळ्यांदेखत बघायची असेल तर मायक्रोबायोलॉजीत जा. कल्चर प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकतीभोवती जिवाणू नसलेलं गोल वर्तुळ पडतं. कधी त्या स्वच्छ वर्तुळात दोन-चार टिकल्या उगवलेल्या असतात. औषधाने त्या "तयार" केलेल्या नसतात. त्या आधीपासून गर्दीत होत्या. असे न मरणारे जिवाणू आधीच असतात, हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी 1943 सालीच, औषधाऐवजी जिवाणूंना मारणारा विषाणू वापरून, दाखवून दिलं. औषधाने फक्त बाकीची गर्दी हटवली. सर्दीला अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहिताना ही प्लेट आठवावी.

आता पुढे काय. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, दोन महिन्यांचं काम. मोठं काही मांडू नका. 23 च्या खाली बीएमआय असलेले नवे टाइप 2 पेशंट, कमरेचा घेर आणि खवाट्याखालची घडी, आणि त्यांच्याच वयाचे शुगर नसलेले लोक तुलनेला. जन्मवजन विचारू नका, आपल्याकडे त्या पिढीतल्या फार थोड्यांच्या घरी त्याची नोंद सापडेल. आठवणीतला आकडा घेतलात तर सगळा अभ्यास वाया जाईल. घडी मोजायला साधा स्किनफोल्ड कॅलिपर पुरतो, पण हात बसायला वेळ लागतो. एकाच माणसाची घडी सलग तीनदा मोजून आकडे जुळेपर्यंत एकही पेशंट घेऊ नका, आणि एथिक्स कमिटीचा अर्ज आधी टाका, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.